डबा रिकामाच यायचा

प्रिय चिमे,

तुझ्याकडची मागची खोली माझ्यासाठी रिकामी केलीस, खिडकीला निळा पडदा लावलास आणि रविवारी गाडी घेऊन मला न्यायला येणार आहेस, हे सगळं तुझ्या निरोपातून कळलं. वाचून डोळे भरून आले आणि लगेच मान खाली गेली. मान का खाली गेली, तेच सांगायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मीही हवापाण्यावर घसरतो. शिवाय तुला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी तुझी दौत माझ्या हातून लवंडली, तेव्हासुद्धा मी आधी शेजारच्या मांजरीची हकिकत सांगायला घेतली होती. आताही थोडं तसंच होईल. पण या खेपेस मांजरीवर थांबणार नाही, एवढा विश्वास ठेव.

इथे माझी खाट खिडकीजवळ आहे. दुपारी भिंतीवर उन्हाचा एक चौकोन येतो आणि हळूहळू वर चढतो, अगदी आपल्या शाळेच्या भांडारात यायचा तसा. खडू, नकाशे, शाईच्या बाटल्या सांभाळत मी तिथे जन्म काढला. पलीकडे वर्ग होता. मुलं एका सुरात कविता म्हणायची आणि त्या भिंतीतून झिरपून माझ्यापर्यंत यायच्या. पहिली ओळ स्वच्छ यायची, दुसरीच्या वेळी नेमकं कुणीतरी बाक सरकवायचं. म्हणून माझ्या कितीतरी कवितांना अजून दुसरी ओळच नाही. इथे पडल्या पडल्या त्या पहिल्या ओळी आठवत बसतो. शेजारच्या खाटेवरचे गवंडीकाका म्हणतात, "मास्तर, पुढचं म्हणा की!" मी मास्तर नाही आणि मला पुढचं येत नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. हो, हेही सांगितलेलं नाही.

जिन्यात चक्कर येऊन पडलो आणि मला इथे आणलं, ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, बोलणं लाघवी आणि नजर मात्र शिंप्याची. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, दंडाला टेप लावला, नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते पाहिलं, नखं पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली. शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालून म्हणाल्या, "ही पूर्वीपासून एवढी ढगळ आहे का हो, आजोबा?" कवळी नीट बसते ना, असंही विचारलं. मी दात दाखवून हसलो आणि म्हटलं, अगदी मोत्यांसारखी. मग त्या स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "रोज काय खाता असं मी विचारणार नाही. तसं विचारलं की माणसं काय खायला पाहिजे ते सांगतात. तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून पोटात काय काय गेलं, तेवढंच क्रमाने सांगा." मी सांगितलं. चिमे, मी ते असं सांगितलं की गवंडीकाकांच्या तोंडाला पाणी सुटलं. मोकळा भात, त्यावर घट्ट दही, उकडलेले हरभरे, कोवळ्या शेंगा, काकडीच्या चकत्या, मीठ लावलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर मूठभर भाजलेले शेंगदाणे. त्यातला एकही पदार्थ मी मनाने रचलेला नव्हता. नर्सबाईंनी सगळं लिहून घेतलं, पुन्हा एकदा माझ्या दंडाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

मला मऊ खाणं सुरू झालं. बरेच दिवस नीट न जेवलेल्या माणसाला एकदम भरपेट द्यायचं नसतं म्हणे, बेताबेताने वाढवायचं, नाहीतर शरीर गांगरतं. आधी वाटीभर सूप, मग दूध घालून शिजवलेला दलिया, मग कुस्करलेला बटाटा, मऊ भात, केळं, अर्धं कच्चं वाटावं इतकं हलकं उकडलेलं अंडं. मी सगळं चाटूनपुसून खाल्लं. गाडा ढकलणारी बाई एकदा म्हणाली, "आजोबा, ताटाची नक्षी तरी ठेवा!" आठवड्यात काट्याने वर सरकायला सुरुवात केली. नर्सबाई खूश झाल्या, डॉक्टर खूश झाले, माझा मुलगा खूश झाला. आणि त्या काट्यामुळेच सगळं बिघडलं. कारण आता हिशेब अगदी सरळ दिसत होता. इथे मिळतं म्हणून म्हातारा खातो, अंग धरतो. म्हणजे घरी मिळत नव्हतं.

मग नर्सबाईंनी सूनबाईला बोलावून घेतलं. माझ्या खाटेपलीकडे पडदा ओढून दोघी बसल्या. मी डोळे मिटून पडलो होतो, त्यांना वाटलं झोपलोय. नर्सबाई अजिबात वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "ताई, रागावू नका, तुम्ही नोकरी करता, धावपळ असते, मी समजू शकते," अशा सुरात त्यांनी तिला समजावलं. म्हातारपणी भूक कमी दिसली तरी अंड्या-दुधाची, कडधान्याची गरज कमी होत नाही, उलट स्नायू झिजतात म्हणून जास्तच लक्ष द्यावं लागतं, थोडं थोडं पण वरचेवर द्यावं, वगैरे. सूनबाई म्हणाली, "मी कामावर जाताना दुपारच्या डब्यात हरभरे देते, दही देते, रोज एक फळ देते. डबा रिकामाच यायचा हो." त्यावर नर्सबाई हळूच म्हणाल्या, "अंगावर दिसत नाही ना, ताई." मग पडद्याआडून फक्त कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत राहिला. ती सगळं उतरवून घेत होती. रोज स्वतःच्या हाताने जे करून देत होती, तेच पुन्हा शिकत होती. जाताना नर्सबाई डॉक्टरांना म्हणाल्या ते मी ऐकलं. आजोबा फार भले आहेत, घरच्यांना सांभाळून घेतात, काय काय खाल्लं ते इतकं सजवून सांगितलं बिचाऱ्यांनी. माझ्या खोटेपणाचंसुद्धा पुण्य माझ्याच नावावर जमा झालं, चिमे.

त्यानंतर तू आलीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तसाच भडकलो असतो, म्हणून तुला बोल लावत नाही. पण व्हरांड्यात तू सूनबाईला काय म्हणालीस ते आत सगळ्या खाटांना ऐकू आलं. "डबा भरत होतीस की नुसताच घासून ठेवत होतीस?" ती म्हणाली, "आत्या, रिकामा यायचा हो डबा." आणि तू म्हणालीस, "म्हणजे पुरतच नव्हता!" गवंडीकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी भिंतीकडे तोंड केलं. नंतर मुलगा आत आला, माझं पांघरूण नीट केलं आणि बाहेर जाऊन तिला एवढंच विचारलं, "खरंच देत होतीस ना?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला असा प्रश्न त्याने कधी विचारल्याचं मला आठवत नाही. तेव्हापासून दोघं भेटायला वेगवेगळी येतात.

आता ऐक. वाचनालयाच्या मेळाव्यात मी कविता म्हटली होती, तुला आठवत असेल, तू पुढच्याच रांगेत होतीस. कवळी नवी होती. ती मिळावी म्हणून सूनबाई चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या अर्ध्या दिवसाची रजा काढून मला दातांच्या डॉक्टरकडे नेत होती, माप घेताना मला उमासे यायचे तेव्हा पाठीवर हात ठेवून उभी राहायची. डॉक्टरांनी तिच्यासमोर बजावलं होतं, खुपलं, टोचलं तर घरी हात लावायचा नाही, इकडे यायचं. पण त्या मेळाव्यात प्रत्येक 'श'ला माझ्या तोंडातून शिट्टी निघाली. पोरं खुदखुदली. तूही पदर तोंडाला लावलास, मी पाहिलं. पदराचं काही नाही गं. पण आयुष्यभर भिंतीआडून ऐकलेली कविता पहिल्यांदा चारचौघांत म्हणायला मिळाली आणि ती कुकरसारखी वाजली, हे मला सोसलं नाही. मुलाच्या हत्यारांच्या पेटीतून मी कानस काढली. समोरच्या दातांच्या मागे थोडं घासलं. बरं वाटलं, म्हणून आणखी थोडं. मग दाढा आधी टेकताहेत असं वाटलं, म्हणून दाढाही घासल्या. 'श' अगदी स्वच्छ झाला. पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटेनासे झाले. दिसायला कवळी तशीच मोत्यांसारखी. चावायला गेलं की हरभरा नुसता इकडून तिकडे पळायचा.

हे मी सूनबाईला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? डबा मात्र रोज भरलेला असायचा. समोरच्या इमारतीच्या रखवालदाराला मी सांगितलं की दुपारी न खाण्याचं पथ्य आहे. तो डबा तो खायचा आणि मी कोपऱ्यावर चहात बिस्किटं बुडवून खायचो. रात्री दोन घास मऊ भात गिळायचो आणि दुपारी भरपूर झालं म्हणून हात धुवायचो. इथवरही कदाचित तू हसून सोडून दिलं असतंस. पण पुढचं ऐक. रखवालदार डबा परत देताना दाद द्यायचा. "आजोबा, आज शेंगा काय जमल्यात! सूनबाईंच्या हाताला चव आहे." आणि संध्याकाळी तीच दाद मी जशीच्या तशी तिला ऐकवायचो. ती खुलायची. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे मूठभर जास्त. रखवालदाराचं पोट सुटलं आणि माझ्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. शेवटी जिन्यात चक्कर आली.

मी खोटं बोललो याची लाज आहेच. पण खरी लाज त्या पडद्याची वाटते. ती पलीकडे मान खाली घालून लिहीत होती आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं. मला दुसरं काही कामही नव्हतं. कवळी डबीत होती, डबी उशाला होती. हात बाहेर काढला असता तर ती हाताला लागली असती. मी हात पांघरुणातच ठेवला. तू व्हरांड्यात ओरडत होतीस तेव्हाही तिथेच होता. माणसं मला बिचारा म्हणत होती आणि, तुला म्हणून सांगतो, ते मला ऊबदार वाटत होतं. आपल्या भाच्यांना, मामेबहिणींना तू फोन करून सगळं कळवलंस हे समजलं, तेव्हा पहिल्यांदा कागद मागून घेतला. तरी मी एक दिवस घालवलाच.

म्हणून हे पत्र. रविवारी गाडी आणू नकोस. निळा पडदा राहू दे, कधीतरी पाहुणा म्हणून येईन. आणि ज्यांना ज्यांना फोन केलास त्यांना पुन्हा कर, आणि त्याच आवाजात सांग की दादाने स्वतःचं खाणं स्वतः वाटून टाकलं, तिने कधी हात आखडला नाही. माझी लाज झाकू नकोस, कुणाला हसायचं असेल तर हसू दे. हे मी तुला आधी लिहितोय, तिला आधी सांगत नाही, त्याचं कारणही माझ्या स्वभावातच आहे. ती समोर आली की मी पुन्हा मांजरीवर जाईन. हे पत्र एकदा खाली गेलं की मात्र मागे फिरता येणार नाही, रविवारपर्यंत ते तुझ्या हातात असेल. वॉर्डातला मदतनीस टपाल घेऊन निघालाय, दारात उभा राहून घाई करतोय. त्याच्या मागे व्हरांड्यातल्या बाकावर सूनबाई बसली आहे. नर्सबाई असल्या की ती हल्ली आत येत नाही, डबा दुसऱ्याच्या हाती पाठवते आणि परत येईपर्यंत तिथेच बसते. मी नर्सबाईंना माझ्याबरोबर त्या बाकापर्यंत चला म्हटलंय. काय काम आहे ते सांगितलेलं नाही. त्या माझ्या चपला पुढे सरकवताहेत. तिच्यासमोर नेमकं काय बोलायचं याची मी काहीच जुळवाजुळव केलेली नाही, नाहीतर मी पुन्हा ते सजवीन.

तुझाच,
दादा