उलटे आलेले बोर्ड

हार्लिंगन, गुरुवार

प्रिय राइंडर,

बरेच रविवार तू आला नाहीस. साखरपाव मी अजून करते, पण एकटीने तो संपत नाही.

माझे कान गेल्यावर माझ्या हाइत्सेने बनवलेला दिवा तुला आठवतोच. दारावरची घंटा कुणी दाबली की माझ्या वाचायच्या खुर्चीजवळ तो लागायचा. हाइत्से गेला आणि त्याच हिवाळ्यात दिव्यानेही मान टाकली. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतल्या सर्किट बोर्डावरचं तांबं हिरवं पडून तुटलं होतं. मग माणसं दारातून परत जायची आणि मी आत पुस्तकात डोकं घालून बसलेली.

तू माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणालास, "वहिनी, हल्ली घरी बोर्ड कोण करत बसतं? त्याची आकृती कारखान्याला पाठवू, आठवड्यात पाच बोर्ड दारात." मी कुरकुरले. हाइत्से छापलेला कागद माझ्याच इस्त्रीने तांब्यावर दाबायचा, मग नको असलेलं तांबं खाणाऱ्या आम्लाचं ताट हलवत बसायचा. माझ्या चांगल्या टॉवेलांवर त्याने पिवळे डाग पाडले. तरी वाटायचं, विकतच्या बोर्डात त्याचा हात कुठून येणार?

बोर्ड आले ते हिरवे, गुळगुळीत, देखणे. आणि पाचही उलटे, आरशात दिसतात तसे. इस्त्रीने उमटवायचं तर कागदावर आकृती उलटी छापावी लागते. कारखान्याला ती सुलटी हवी असते. तू हाइत्सेचा जुना कागद होता तसाच पाठवलास. तुझा चेहरा इतका पडला की मला हसू फुटलं, आणि तुला वाटलं मी रडते आहे. बोर्ड आणि त्यांवर बसवायचे भाग टेबलावर ठेवून तू गेलास तो गेलासच.

मी का हसले ते ऐक. माझे कान शाबूत होते तेव्हा हाइत्सेचा इस्त्रीवरचा पहिला बोर्डही असाच उलटा निघाला होता. दुपारभर त्याने इस्त्रीला शिव्या घातल्या आणि मग म्हणाला, "बाउक्या, सगळे भाग तांब्याच्या बाजूने बसवले की झालं. पोटाची पाठ करायची. डबीच्या आत कोण बघतंय?" तू चुकलास आणि कितीतरी दिवसांनी त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. याबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

तू ठेवून गेलेले भाग मी तसेच बसवले. बोट भाजलं. पण कारखान्याने भोकांच्या आतूनही तांबं चढवलं आहे, त्यामुळे मागून दिलेला डाख छान धरतो. हाइत्सेला हे आवडलं असतं. कबूल मात्र केलं नसतं. आकृती त्याची, चूक तुझी, डाख माझा. त्या बोर्डाला आता मला विकतचा म्हणवत नाही.

तारा जोडून झाल्या आहेत. घंटा अजून कुणी दाबलेली नाही. स्वतःच्या दारात उभं राहून स्वतःलाच बोलवायचं मला जमेना, म्हणून हे पत्र. रविवारी ये. दार ठोठावू नकोस, घंटा दाब. दिवा लागला नाही तर आणखी चार बोर्ड आहेत, आपण बसून करू. मी खुर्चीत पुस्तक उघडून बसलेली असेन, पण वाचत नसेन.

तुझीच, दिव्याकडे बघत बसलेली,
बाउक्या