एकच व्हायोलिन उरतं तिथे

मंगळवार, संध्याकाळ. विजय नगर.

मुलानं बंगळुरूहून माझ्या लहानपणच्या त्या अंतराळयानाच्या सिनेमाचं संगीत पाठवलं. खाली लिहिलं, "मम्मी, यही था न? एकदम साफ आवाज है."

हेच होतं. पण साफ आवाजाचं मी काय करू?

माहेरी, कांचघर मोहल्ल्यातल्या घरी, सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हा बाबांनी टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून ठेवला आणि दम दिला, कोणी बोलायचं नाही. शेवटी यान पृथ्वी सोडून निघतं, सगळी वाद्यं गप्प होतात, एकच व्हायोलिन उरतं. तिथे मला रडू फुटलं. आणि बोलले ते बाबाच. "काहून रडून राहिली? परत येते ते."

झिजेपर्यंत ऐकली ती कॅसेट. माझ्यासाठी व्हायोलिन, मग बाबांचा आवाज, मग नगारे, असंच ते संगीत होतं. कॅसेट गेली. बाबाही गेले.

आज व्हायोलिन उरलं आणि मी चहाचा कप धरून वाट पाहत राहिले. सरळ नगारेच वाजले. मागे नेऊन पुन्हा लावलं. वेडी आहे का मी?

मुलाचा फोन आला, "सुना?" म्हटलं, हो, छान आहे. दिवाळीला येशील का, हे विचारायचं राहिलं. की मीच टाळलं?

फोन ठेवून पुन्हा लावलं. या वेळी त्या जागी मीच म्हटलं, "परत येते ते."

सिनेमात यान परत येत नाही. बाबांना माहीत होतं.