सातव्या डबीतला नातेवाईक

दि. ३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काठीला घासणी बांधून डॉल्फिनच्या पाठीवरचे कातडीचे कण तू अलगद उचललेस, त्यांच्या सातही डब्या आमच्या प्रयोगशाळेत पोचल्या. पाच जण एकमेकांचे सख्खे-चुलत निघाले. असंच आपापसात चाललं तर पुढची पिढी दुबळी होणार. सहाव्याचा, म्हणजे पिल्लाचा, बाप मात्र त्यांच्यात सापडेना. तो तुझा लाडका 'जावई', म्हणजे मधूनच एकटा येणारा तो डॉल्फिन, असेल आणि बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेने पलीकडच्या कळपातून येत असेल, तरच त्या वाटेवर होऊ घातलेली भिंत थांबेल. भिंतीचा निर्णय करायला समिती एकवीस तारखेला बसते आहे.

पण मामा, सातवी डबी माणसाची निघाली! आमचा कुणाचा हात लागलाय का हे बघायला आमचेही नमुने ठेवलेले असतात. ताडून पाहिलं, तर हा प्राणी माझा जवळचा नातेवाईक. आमच्या प्रमुख बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या. खरं काय ते कळव.

लोभ आहेच, आज जरा रागावलेला.
तुझी टिटवी

दि. ६ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

पत्र वाचून तुझी मामी खुर्चीवरून पडायची राहिली. झालं असं, की जावई यायला उशीर करत होता. बसल्या बसल्या एका कोऱ्या घासणीने भेगाळलेली टाच खरवडली. तेवढ्यात स्वारी हजर! दुसऱ्या घासणीने त्याची पाठ घासली आणि गडबडीत डबीत कोंबली माझी. त्याच्या घासणीने मामी तेव्हापासून कढई घासतेय.

तू हस, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तीस वर्षं त्यांच्या सोबतीने होडी हाकली, आणि माझ्या टाचेपायी त्यांचा रस्ता बुजायचा? उद्यापासून रोज पहाटे त्या वाटेच्या तोंडाशी ठाण मांडतो. बूट घालून.

लोभ असू दे, बाईंचाही.
मामा

दि. २२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

नवी डबी वेळेत पोचली. जावई पलीकडचाच, आणि पिल्लू त्याचंच! समितीतले इंजिनियर म्हणाले, एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला. बाई ताडकन म्हणाल्या, की बाहेरचं रक्त आणणारा तो एकटाच आहे, म्हणूनच वाट हवी. भिंत रद्द झाली, मामा. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले.

लोभ दुप्पट.
टिटवी

दि. २६ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

पत्र होडीतच फोडलं. डोळे पुसतोय तोच जावई त्या वाटेने आत शिरला. आज एकटा नव्हता. मागे तिघं होती, कधीच न पाहिलेली. मी इंजिन बंद केलं आणि होडी बाजूला घेतली.

लोभ वाढता राहो.
मामा