सुक्या सुंगटांच्या डब्यातला कॅमेरा

तीर्थस्वरूप लवूमामांस,

तुमच्या भाचीचा, दिव्याचा, वाकून नमस्कार. (खरंच वाकून. कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल.)

इकडे आम्ही सगळी खुशाल. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे कायमचा गेला आहे, पण बाजाराला जायचं असलं की परत येतो. बाबा नेहमीसारखे, म्हणजे बोलत नाहीत. तुमच्या कानाचं काय? मामी सांगत होती की यंत्र आणलंय, पण झिजू नये म्हणून तुम्ही ते कपाटात जपून ठेवलंय. त्या दिवशी फोनवर मी कॅमेऱ्याचं रामायण सांगत होते आणि तुम्ही मधूनमधून "बरा बरा, नारळ धाडून देतंय" म्हणत होता, तेव्हाच ओळखलं की एक अक्षर पोचलेलं नाही. म्हणून हे पत्र. बांद्याच्या पोस्टातून वेळेवर मिळालं तर सावकाश वाचा, आणि मामीला मोठ्याने वाचून दाखवू नका, शेजाऱ्यांनाही ऐकू जातं.

तर मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. ओरोसच्या ऑफिसात सगळ्यांना वाटलं, ही आता रील करणार. वाडीत वाटलं, हिचं लग्न ठरलं. कारण अगदी साधं होतं. आमच्या घरात बाबांचा धड असा एकही फोटो नाही. आधारकार्डावर आहे, पण तो त्यांचा आहे हे कार्डावर नाव छापलंय म्हणून मानायचं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बघायला येणारे पर्यटक मात्र दर सकाळी त्यांचे फोटो काढून नेतात. पुण्या-बेळगावातल्या किती मोबाइलमध्ये माझा बाप दोर ओढत असेल देव जाणे, आणि आमच्या भिंतीवर विमा एजंटाचं कॅलेंडर. आई-बाबांच्या लग्नातले फोटो आहेत, ते तुम्ही काढलेले. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. (थोडंसं बोलते.) नवरीची पावलं कापली तर लक्ष्मी अर्धवट येते, म्हणून तुम्ही कॅमेरा इतका खाली धरलात की सगळ्या वऱ्हाडाच्या चपला सुबक आल्या आणि गळ्याच्या वर कुणीच आलं नाही. आई अजून तो अल्बम काढते आणि एकेकाला लुगड्या-धोतरावरून ओळखते. बाबांवर बोट ठेवून सांगते, "ह्यो तुझो बापूस. हातार दोराचो वण बघ."

आणि मामा, आता या मे महिन्याच्या अखेरीला जाळं वर चढलं की ते परत समुद्रात उतरायचं नाही. रापण म्हणजे माणसांचं काम. (तुम्ही डोंगराकडचे, म्हणून पुन्हा सांगते: होडीने पाण्यात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी ओढायचं.) ओढणारे तरणे हात सगळे पर्यटकांच्या बोटींवर गेले. तिथे पगार आहे, टोपी आहे. बाबा तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, तेव्हा बंद करू या हे बैठकीत त्यांनाच सांगावं लागलं. घरी येऊन कमी मिठाचं कालवण तसंच जेवले. मला फार वाईट वाटलं. बंद व्हायच्या आत बाबांचा रापण ओढतानाचा एक फोटो आमच्या भिंतीवर लागलाच पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवलं. माझ्या मोबाइलची काच खाऱ्या वाऱ्याने अशी झाली आहे की त्यात चुलीपुढे बसलेली आईसुद्धा तेजोवलयात दिसते. म्हणून कॅमेरा.

बजेट म्हणजे वॉशिंग मशीनचे साठवलेले पैसे. आईने ते आनंदाने दिले, कारण मशीनला कॉलर धुता येत नाही असं तिचं आधीपासूनचं मत आहे. पहिल्यांदा गेले कुडाळच्या दुकानात. तिथल्या पोराने मला मॅडम म्हणून खुर्ची दिली आणि मेगापिक्सेल, सेन्सर, बॉडी, किट असं काहीबाही गालातल्या गालात हसत सांगितलं. मला फक्त तुमचा सल्ला आठवत होता, की जुनी असो नवी असो, वस्तू घेताना नारळासारखी कानाशी हलवून बघावी. मी कॅमेरा हलवून बघितला. मामा, नारळात वाजलं तर चांगलं, कॅमेऱ्यात वाजलं तर वाईट, हा फरक तुम्ही सांगितला नव्हता. पोराने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि मग मला नुसती छापील पत्रकं दाखवली. शेवटी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय काढायचंय?" मी म्हटलं, बाबा. त्याने मालकाला हाक मारली.

मग आमच्या ऑफिसातला दत्तप्रसाद धावून आला. हा माणूस कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघून जेवतो. स्वतःकडे कॅमेरा नाही, कारण दर वेळी घ्यायला निघाला की पुढचा येणार असल्याची बातमी येते. त्याने मला समजावलं की बॉडी कसलीही चालते, पैसे लेन्सवर घालावेत, आणि लेन्सवरचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. (मी म्हटलं, आमच्या ऑफिसातल्या टपालासारखं, अर्ज लहान तितकी चौकशी मोठी. तो हसला नाही.) त्याच्या हिशेबाने माझ्या पैशात लेन्सचं झाकण, पट्टा आणि पुसायचं फडकं येत होतं. पण एक गोष्ट त्याने कामाची सांगितली, की पहिला कॅमेरा जुनाच घ्यावा, म्हणजे आपल्या चुका त्याच्यावर ढकलता येतात.

अशी मी तुमच्या बांद्याच्या मेल्रॉयकडे पोचले. (त्या दिवशी तुमच्या घरी आले नाही, ते यासाठी की तुम्ही बरोबर येऊन हलवून बघितलं असतं.) मेल्रॉय लग्नांचे आणि चर्चच्या फेस्तांचे, म्हणजे जत्रांचे, फोटो काढतो, स्वभावाने देवमाणूस. त्याचा जुना कॅमेरा त्याने मला माझ्या पैशात दिला, वर एक छोटी लेन्सही. झूम कुठे आहे, म्हणून मी ती फिरवत बसले, तर म्हणाला, "झूम नाय हेका. जवळ व्हया तर पायांनी फुडे जा." इतकं स्वस्त का ते तेव्हा कळलं. शिवाय बजावलं की आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, तेव्हा कॅमेरा हवाबंद डब्यात ठेवायचा. मी घरी येऊन आईला तसं सांगितलं आणि ऑफिसला गेले. आता आमच्या घरात रबराचं कडं असलेला हवाबंद डबा एकच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यात सुकी सुंगटं असतात, म्हणजे वर्षभराची कोलंबी. आईने कॅमेरा मऊ फडक्यात गुंडाळून, मायेने, सुंगटांवर ठेवला. बुरशी धरली नाही हे खरं. पण डोळ्याला लावला की भूक लागते, आणि मी फोटो काढायला निघाले की वाडीतली मांजरं पाठोपाठ निघतात.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "माझो फोटो कित्याक? मी मेलंय काय?" म्हणून पुन्हा न विचारताच गेल्या रविवारी सकाळी रापणीवर गेले. लांबून बघितलं तर कॅमेऱ्यात बाबा शेंगदाण्याएवढे. मेल्रॉयचं वाक्य आठवलं, पायांनी पुढे गेले. शेंगदाण्याचे काजू झाले. आणखी पुढे गेले, आणखी पुढे, आणि बाबा चौकटभर आले, घाम, पांढऱ्या मिशा, दोन्ही हात दोरावर, अगदी बटण दाबणार, तेवढ्यात कळलं की मी रांगेच्या मधोमध उभी आहे. त्या दिवशी तीन जण कमी होते आणि जाळं जड. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "बघतंस काय गो? दोर धर."

मामा, आजवर मला कुणी दोर धर म्हटलेलं नाही. लहानपणी दोराला हात लावला तर बाबा तो बाजूला करायचे, तू शीक म्हणायचे. मी कॅमेरा पाठीवर टाकला आणि धरला. पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, समुद्रच उलटा आपल्याला ओढतोय. पुढे बाबांची पाठ, मागे मी, त्यांच्या पायाला पाय लावून. जाळं आलं, बांगडा बरा होता. वाटे घालताना बाबांनी एक ढीग वेगळा काढून सांगितलं, "ह्यो दिव्याचो." कुणीतरी कुजबुजलं तसे म्हणाले, "दोराक हात लागलो, की वाटो इलो. रीत आसा." मी तिथेच रडले. बांगडे हातात असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

फोटो अर्थात एकही आला नाही. एक आपोआप निघाला आहे, त्यात माझी वेणी आणि एक मांजर आहे.

मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. तुमची, तळहातांना खोबरेल लावून बसलेली,

दिव्या

ता. क. : आई म्हणते, मशीनच्या पैशांचं मामाला कळवू नको, ओरडेल. कळवलं नाही असं समजा.

ता. क. दुसरं : कॅमेरा कोणता घ्यावा हे विचारण्यासाठी पत्र लिहिलं असं तुम्हाला वाटेल, पण तो घेऊन झालाय. अडचण वेगळीच आहे. महिना संपायच्या आत मला पुन्हा दोर धरायचाय, बाबांच्या मागे, आणि मग बटण दाबणार कोण? दत्तप्रसाद तयार आहे, पण तो आकडे जुळवेपर्यंत मासे वाळतील. तेव्हा तुम्हीच या. एस.टी.त तुम्हाला सवलत आहे. कानाचं यंत्र आठवणीने घालून या, कारण "आता" म्हणून मी लांबून ओरडणार आहे. बाबांना हळूच सांगितलं, तर फोटोला नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "लवूदा येता तर येव दे. पाय तरी बरे येतले."

ता. क. शेवटचं : डोकी कापलीत तरी चालतील, मामा. चारही हात तेवढे येऊ देत. वण आता माझ्याही हाताला पडलाय, आई ओळखील.