मार्सेलिनाने न म्हटलेलं आमेन

प्रिय अन्सेल्मो,

इथल्या सरकारने तुला विमानात बसवून ग्वाटेमालाला परत पाठवलं, त्याला सात महिने झाले. तेव्हापासून दर बुधवारी आपलं चर्च एकच प्रार्थना करतं: मार्सेलिना आणि मुलींना तरी इथेच राहू दे. वकीलबाई म्हणतात, आमच्या हद्दपारीचा खटला अजून दोन वर्षं लांबवता येईल. फोनवर तूही तेच सांगतोस, "मुलींची शाळा आहे, थांब." मी हो म्हणते. तू झोपेत गार पाय लावायचास, त्याचीसुद्धा आठवण येते.

काल चर्चमध्ये लोर्ना आजींनी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले, माझ्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. नंतर तळघरात कप विसळताना त्यांनी मला गाठलंच.

"आज आमेन म्हणाली नाहीस."

"आजी, धाकटी हल्ली फोनलाच बाबा म्हणते. मला त्याच्याकडे जायचंय."

वाटलं, चिडतील. केवढी धावपळ केली या लोकांनी आपल्यासाठी! त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं वेडे, सात महिने देवाच्या मागे लागलेय मी, आणि तुला काय हवंय ते विचारलंच नाही!"

मग मला वर नेलं, निघालेल्यांना परत बसवलं आणि म्हणाल्या, "देवा, आधीचं मागणं सोडून दे. हिला नवऱ्याकडे सुखरूप पोचव." मागच्या बाकांवर कुणीतरी हुंदका दिला. या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर अडवशील. तुझ्या आईच्या दारात आम्ही तिघी उभ्या राहिलो, की मग काय ओरडायचं ते ओरड.

तुझीच,
मार्सेलिना