पाकोळीची खूण

४ मे १९९८
अखेर परांची चढली! खिडकीतून आमचं कॅथेड्रल प्लास्टर घातलेल्या म्हातारीसारखं दिसतंय. नव्या मुकादम सोलेनबाई — वय जेमतेम तिशीचं, खिशात छिन्नी, ओठांवर शिट्टी. वरून ओरडल्या, "आन्सेल्म आजोबा, येता का?" गुडघे नको म्हणाले. मी हो म्हणालो!

७ मे, गुरुवार
बांधकामावरचा माझा जुना सोबती फिर्मां, त्याच्याकडे पत्ते. कांद्याचं सूप बेताचंच.
दगड खाणीत जसा निजलेला असतो तसाच भिंतीत निजवायचा. उभा केला की पापुद्रे सुटतात — हे आमचं बाळकडू. एकसष्ट साली फिर्मांनं कमानीच्या जोडदगडांतला एक उभा बसवला म्हणे. वर्षाच्या आत कोसळला! कुणाला लागलं नाही, पण त्याचं काम गेलं. पुढे जन्मभर पाव भाजले.
आज पुन्हा चिडवलं, "पाव तरी आडवे ठेवायचास ना?" हसला. सदतीस वर्षं हसतोय.

१० मे
उगाच शाळेतली पाकोळ्यांची कविता आठवली. दगड घडवताना तीच म्हणायचो, म्हणून घडवलेल्या दगडावर कोरायची माझी खूणही पाकोळी. उस्ताद ओरडायचे, "कवी, बोटं सांभाळ!" काय दिवस होते!

११ मे
चढलो! एकशे बारा पायऱ्या. कबुतरांनी ओळखलं नाही.

१३ मे
कमानीच्या त्या जोडीतला दुसरा दगड खाली उतरवला. पुस्तकासारखी पानं सुटलेली. म्हणजे हाही उभाच! मी म्हणालो, "फिर्मांची करामत."
सोलेनबाईंनी आतली झाकलेली बाजू पुसली. निजेची रेघ घडवणारा कोरतो, बसवणारा तिच्याबरहुकूम बसवतो. फिर्मांनं रेघ तंतोतंत पाळली होती. रेघच चुकीची!
"कोण हा शहाणा?" बाई म्हणाल्या.
रेघेशेजारी इवलीशी पाकोळी.
कविता म्हणत होतो मी. बोटं तेवढी सांभाळली.
"मी," म्हणालो.

१४ मे, गुरुवार
फिर्मांला सगळं सांगितलं. तो पत्ते पिसतच राहिला.
"पडलेल्या तुकड्यावरही होती ती पाकोळी. उस्ताद यायच्या आत मीच तासून टाकली. पंधरा दिवसांवर तुझं लग्न होतं, गाढवा. चल, पान टाक."