कट्ट झालं आणि मी सुटलो

आदरणीय दादा,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा नमस्कार, आणि तोही ताठ उभं राहून! तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे आता आहे.

माझ्या पाठीतली चकती सरकली हे तुम्हाला हिच्याकडून कळलंच आहे. कशी सरकली ते हिनं सांगितलं नसेल (हसू आवरलं की सांगेल). पीटीच्या तासाला उंच उडीची गादी कशी उचलू नये, हे मी मुलांना करून दाखवत होतो. दाखवलं, आणि तसाच राहिलो. मुलांना वाटलं, सर अजून शिकवताहेत. तीही सगळी तशीच वाकून उभी! तेव्हापासून उजव्या पायात अशी कळ, की मोजे घालायचे म्हणजे हिची मनधरणी. जन्मभर 'पाठ ताठ!' म्हणून ओरडलो आणि आता स्वतःच स्वल्पविरामासारखा शाळेत फिरू लागलो. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं, शनिवारच्या क्रीडादिनापर्यंत सरळ झाला नाहीत तर संचलन संगीताचे सर घेतील. दादा, त्या माणसाला स्वतःचा डावा पाय कुठला तेही विचारावं लागतं हो! इतकी वर्षं ते संचलन माझं आहे. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

म्हणून तुमचा सल्ला मानला आणि तुमच्या इमारतीतल्या त्या मणके हातानं बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टर डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई भल्या आहेत. त्यांनी एमआरआय पाहिला, पाय उचलायला लावले, टाचांवर चालवलं, मग मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा घालायला देऊन टेबलावर कुशीवर निजवलं. अंग सैल सोडा म्हणाल्या. सोडलं. श्वास सोडा म्हणाल्या. सोडला. आणि कमरेत कट्ट! अहो, आवाज थेट शर्यतीच्या पिस्तुलाचा. पुढचं माझ्या हातात राहिलंच नाही. कट्ट झालं आणि मी सुटलो. टेबलावरून, दारातून, बाहेर बसलेल्या पेशंटांमधून (एका आजोबांनी चक्क घड्याळ लावून वेळ मोजली), रस्त्यावर, वळणाला आतली बाजू धरून, ते थेट आमच्या दारापर्यंत. शेजारच्या काकूंनी आमची दुसरी किल्ली डोळे मिटून दिली. आणि तेव्हा ध्यानात आलं, अरेच्चा, मी सरळ उभा आहे! पायातली कळ गायब! गुण बाईंच्या हाताचा की पळण्याचा, देव जाणे. पण संचलन माझंच. शनिवारी तुम्ही नक्की या, पुढच्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो.

लोभ आहेच, तो वाढवावा.

तुमचाच,
पीटीवाला

ता.क. माझी विजार बाईंच्या खुंटीवर राहिली. तिच्या खिशात माझी शिट्टी आहे, आणि त्या शिट्टीशिवाय मुलं एक पाऊल टाकत नाहीत. मीच गेलो असतो, पण बाईंचा फोन आला होता; ते आजोबा रोज विचारतात म्हणे, ते धावणारे पुन्हा कधी येणार? तेव्हा जिना उतरून तेवढी घेऊन या.

ता.ता.क. हिला या पळापळीतलं काही ठाऊक नाही. विजार नवी, हिनंच आणलेली. कुठाय म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की दादांनी नेलीय घालायला. तेव्हा शनिवारी कृपा करून ती घालूनच या. कशाला नेली, ते तुम्हीच सांभाळून घ्या. तुम्हाला ती कमरेत बरीच सैल होईल, म्हणून टाळ्या मात्र वाजवू नका.